आकाश स्वच्छ ठेवणेबाबत

“अहो, अजून किती वेळ? वरण दुसऱ्यांदा गरम केलं,” मंदाने जिन्यातूनच हाक मारली.

“चार मिनिटं,” गच्चीवरून घुले म्हणाले. “चार मिनिटं वीस सेकंद.”

“मग पाचच म्हणा की.”

“पाच नाहीत ना पण.”

मंदा वर आली नाही आणि खालीही गेली नाही. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माणसं जिन्यात उभं राहायला शिकतात. घुले गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फेऱ्या मारत होते. एका फेरीत घड्याळ, दुसऱ्या फेरीत वायव्य दिशा. वायव्येला कंपनीची चिमणी, चिमणीमागे कंपनीची भिंत, भिंतीला लागून पाडा, आणि त्याच्याही पलीकडे कुठेतरी समुद्र होता, जो बोईसरमधून दिसत नाही, फक्त घामावरून कळतो.

सहा वाजून बावन्न मिनिटांनी चिमणीच्या डावीकडे एक पांढरा ठिपका वर आला. लुकलुकला नाही, आवाज केला नाही, नुसता चालू लागला. हे रशियाचं ‘मीर’ अवकाशस्थानक. जमिनीपासून चारशे किलोमीटरवर, आत दोन-तीन माणसं. घुल्यांचं गाव पाथर्डी. तेही बोईसरपासून साधारण तेवढंच लांब, फक्त तिकडे एस.टी. जाते.

“निघाला!” घुले म्हणाले, आणि त्याच वेळी चिमणीतून पिवळट तपकिरी धुराचा लोट निघाला. वारा नव्हता. धूर आकाशात निवांत पसरला. ठिपका धुरात शिरला तो पुन्हा बाहेर आला नाही.

घुल्यांनी खिशातून वही काढली आणि कठड्यावर टेकवून लिहिलं : ‘६.५२. वायव्य. चाळीस सेकंद दिसला. पुढे धूर.’ या वर्षात ‘पुढे धूर’ हे शब्द त्यांनी अकरा वेळा लिहिले होते.

झुंबर लक्ष्मण घुले याच कंपनीत, म्हणजे रंगांच्या कारखान्यात, टाइम ऑफिसला कारकून होते. सकाळी फाटकाशी कामगारांची हजेरी-कार्डं घ्यायची, कोण किती वाजता आला ते पाहायचं, उशिराच्या मिनिटांखाली लाल शाई मारायची, हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. एकदा शेठच्या मेहुण्याच्या कार्डाखाली त्यांनी चार मिनिटांची लाल रेघ ओढली होती. त्या वर्षी त्यांना पगारवाढ मिळाली नाही, आणि त्यांनी त्या दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही, कारण तसा कागद कुठे नव्हता. वेळेवर येणाऱ्या गोष्टींबद्दल त्यांना आदर होता. बोईसरमध्ये तशा गोष्टी थोड्या होत्या. म्हणून रेडिओवर मीरबद्दल ऐकून ते पहिल्यांदा गच्चीवर गेले, तेव्हा सांगितल्या वेळेला सांगितल्या दिशेने आलेला तो ठिपका पाहून त्यांना आपल्या खात्यातलं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. पाच वर्षं नोंदी ठेवून त्यांनी त्याचं वेळापत्रक स्वतःच बसवलं. महिन्यात पाच-सहा संध्याकाळी तो नीट दिसे. उल्कांसाठी वहीत मागून वेगळी पानं होती, पण उल्कांना शिस्त नसल्यामुळे त्या पानांत त्यांचं मन रमत नसे.

धुराचं कारण त्यांना देवूने सांगितलं. देवू पाड्यावरचा, पन्नाशीचा, कंपनीत स्क्रबरवर होता. स्क्रबर म्हणजे धूर पाण्याने धुऊन मगच वर सोडणारं यंत्र. ते चालवायला वीज लागते आणि औषध लागतं, म्हणून ते दिवसा चालायचं. ठाण्याहून तपासणीला येणारे प्रदूषण मंडळाचे साहेबही दिवसाच यायचे.

“साडेसा वाजले का सुपरवायझर बोलतो, देवू, बंद कर,” देवू म्हणाला. “मी बंद करतो. मंग सकाली चालू.”

“मग साडेसहाऐवजी सात वाजता बंद कर ना.”

“माज्या हातात काय हाय, बाबू? तुमी लिवा वर.”

देवूने हे हात झटकण्यासाठी म्हटलं होतं. पण घुल्यांना ‘लिवा’ एवढंच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टाइपरायटरवर अर्ज टाइप केला.

‘विषय : आकाश स्वच्छ ठेवणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, कंपनीतर्फे रोज सायंकाळी ६.३० नंतर सोडण्यात येणारा धूर सोबतच्या तक्त्यात दर्शविलेल्या दिवशी फक्त सात मिनिटे सोडण्यात येऊ नये. इतर वेळी तो सोडण्यास माझी वैयक्तिक हरकत नाही.’

खाली सही. सहीखाली, अर्ज म्हटला की असतंच म्हणून, ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’. प्रत कोणाला, हा प्रश्न उरला. घुल्यांनी थोडा विचार करून तपासणीच्या साहेबांचं पद घातलं. धुराशी संबंधित दुसरं कोणी त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी अर्ज आवक खिडकीवर दिला आणि प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला. खिडकीवरच्या बाईंनी नेहमीप्रमाणे न वाचता शिक्का मारला.

साडेतीन वाजता सावेसाहेबांचं बोलावणं आलं. सावे कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. मुंबईच्या नव्हे, इथल्या जवळच्या माहीमचे, घरची नारळ-पानवेलींची वाडी, रोज स्कूटरवरून येणं-जाणं. अठ्ठावन्नला टेकलेले होते आणि शांतपणे निवृत्त व्हावं एवढीच त्यांची इच्छा होती.

“बसा, घुले.”

एकोणीस वर्षांत घुले त्या खुर्चीत बसले नव्हते. ते कडेवर टेकले.

“हे काय आहे?”

“अर्ज आहे, साहेब.”

“ते दिसतंय. तुम्हाला पाहिजे काय?”

“सात मिनिटं.”

“नाही, म्हणजे, तुमचं ग्रेडचं काही राहिलंय का?”

“नाही साहेब. सात मिनिटं. महिन्यातून पाच वेळा. एकूण पस्तीस.”

सावेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “हे तुम्हाला युनियनवाल्यांनी लिहून दिलं?”

“टायपिंग माझंच आहे. म्हणून दोन ठिकाणी खाडाखोड झालीय.”

“घुले, तुम्ही यात लिहिलंय की कंपनी रोज संध्याकाळी धूर सोडते.”

“हो साहेब.”

“कंपनी धूर सोडत नाही.”

“नाही साहेब. मी फक्त वेळ बदलायला सांगतोय.”

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. माणूस बेरकी आहे की भोळा, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीत पाच मिनिटांत कळत आलं होतं. आज कळेना.

“ही प्रत गेली?”

“नाही साहेब. तिकिटं संपली होती. उद्या पोस्टात टाकतो.”

“टाकू नका,” साहेब इतक्या घाईने म्हणाले की घुले खुर्चीतून उठलेच.

संध्याकाळी शेठशी मुंबईला फोन झाला. दुसऱ्या दिवशी घुल्यांना तोंडी निर्णय कळवण्यात आला. दर महिन्याच्या एक तारखेला घुल्यांनी आपला तक्ता बंद पाकिटात सावेसाहेबांच्या हाती द्यायचा. तक्त्यातल्या संध्याकाळी स्क्रबर चालू राहील. अर्ज आणि शिक्क्याची प्रत साहेबांच्या कपाटात राहील. आणि घुल्यांनी यापुढे धूर हा शब्द कुठेही लिहायचा नाही.

“वहीतसुद्धा?”

“वहीतसुद्धा.”

“मग नाही दिसला तर काय लिहू?”

“ढग लिहा.”

“ऑक्टोबर संपत आला, साहेब.”

“घुले, जा आता.”

तीन दिवसांनी मीर वायव्येपासून आग्नेयेपर्यंत, अख्खाच्या अख्खा दिसला. सहा मिनिटं. शेवटी तो पृथ्वीच्या सावलीत शिरून विझला, तेव्हा घुल्यांनी नकळत हात जोडले आणि कोणी पाहिलं नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. मंदा जिन्यात उभी होती.

“झालं मनासारखं?”

“झालं.”

“मग आता तरी स्वस्थ बसा.”

पण सकाळी कार्डांच्या रांगेत देवू उभा होता. कार्ड देऊनही हलला नाही.

“बाबू, काल बंद करायला सांगितलाच नाय.”

“हो. सात मिनिटांसाठी.”

“सात मिंटं नाय चालत तो. एकदा ठेवला का नऊपर्यंत ठेवायला लागतो, नायतर पंप धरत नाय.” देवूने आवाज खाली आणला. “काल पाड्यावर सगली भायेर जेवली. नवसीनं चूल आंगनात मांडली. एरवी दार लावून, फटीला ओला फडका लावून जेवतो आमी. पोरं तर काल उठंचनात पानावरून.”

“बरं झालं.”

“आता कदी येल तुमचा तारा?”

घुल्यांना वही पाहायची गरज नव्हती. “पुढचा नऊ तारखेला. बारा दिवसांनी.”

देवूने बोटांवर मोजलं. “जाम लांब राहतो,” तो म्हणाला आणि कामावर गेला.

मागे रांग खोळंबली होती. घुल्यांनी पुढच्या कार्डावर वेळ पाहिली, लाल शाई उचलली आणि ती कशासाठी उचलली ते विसरले.

नोव्हेंबरचा तक्ता त्यांनी आदल्या रात्री घरी टाइप केला. खरे दिवस सहा होते. सहा ओळी झाल्या, कागद बाहेर काढला. पुन्हा आत घातला. उठून पाणी प्यायले. गच्चीवर जाऊन आले. मग सातवी ओळ टाइप केली : ‘२२ नोव्हेंबर, सायं. ६.४१, वायव्य ते आग्नेय, सहा मिनिटे’. त्या संध्याकाळी मीर दुसऱ्याच कुठल्यातरी देशावर असणार होता. तरी खोट्यालाही त्यांनी दिशा दिली, कालावधी दिला, आणि वेळ अशी दिली की तो येणार असता तर साधारण तेव्हाच आला असता. मग आठवी. मग नववी.

रात्री ते कुशी बदलत राहिले.

“काय झालंय?” मंदाने अंधारात विचारलं.

घुल्यांनी सांगितलं.

“म्हणजे नसलेले तीन तारे लिहिले?”

“तारे नाहीत. एकच, तीन वेळा.”

“कुणाचं काही चोरलंत का?”

“नाही.”

“मग झोपा. लाखो पडलेत वर. तीन वाढले तर कोण मोजायला जातंय.”

“मी मोजतो ना,” घुले म्हणाले.

डिसेंबरात सोळा संध्याकाळी झाल्या. शिवाय तेरा तारखेला त्यांनी लिहिलं : ‘उल्कावर्षाव. सायं. ७ ते पहाटे ५.’ हे मात्र खरं होतं. दर डिसेंबरात मिथुन राशीतून उल्का पडतात, हे त्यांच्या वहीच्या मागच्या पानांत होतं. त्या रात्री स्क्रबर प्रथमच रात्रभर चालला. घुल्यांनी एकवीस उल्का मोजल्या. चिमणीपलीकडे पाड्यावरची माणसं बाहेर बाजा टाकून, गोधड्या घेऊन झोपली होती. देवूने सकाळी सांगितलं की त्यांच्यातल्या कोणालाही एकही उल्का दिसली नाही, कारण इतकी गाढ झोप बऱ्याच महिन्यांनी लागली होती.

“असा पाऊस दर आठवड्याला नाय पडत?”

“नाही रे.”

“बगा जरा. वहीत नीट बगा.”

जानेवारीच्या तक्त्यात सत्तावीस ओळी होत्या. खऱ्या पाच.

सावेसाहेबांनी पाच तारखेला सकाळी बोलावलं. समोर तक्ता होता आणि तक्त्याशेजारी भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर.

“बसा. घुले, एकतीस दिवसांत सत्तावीस?”

“हो साहेब.”

“मी उरलेले चार पाहिले. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस.” साहेबांनी कॅलेंडर त्यांच्याकडे फिरवलं. “रशियाचं स्टेशन शुक्रवारी सुट्टी घेतं?”

शुक्रवारी वीजकपातीमुळे कंपनी बंद असायची. बंद कंपनीतून धूर निघत नाही. तिथे खोटी ओळ लिहिणं घुल्यांना विनाकारण वाटलं होतं, आणि विनाकारण खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. हे सगळं सांगणं शक्य नव्हतं.

“औषधाचा खर्च दुप्पट झालाय. शेठ रोज विचारतात, हा तारा आहे का काय आहे? मला त्यांना सांगता आलं पाहिजे की मी डोळ्यांनी पाहिला.” साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “आज आहे. सात एकवीस. बरोबर?”

“तक्त्यात आहे, साहेब.”

“तुमच्या गच्चीवर येतो. दिसला तर ठीक. नाही दिसला तर आजपासून तक्ता बंद, स्क्रबर साडेसहाला बंद आणि तुमचं टाइम ऑफिसही बंद. गोदामात जागा आहे.”

त्या दिवशी घुल्यांनी वेळेवर आलेल्या तिघांच्या कार्डांखाली लाल रेघा ओढल्या आणि नंतर तिघांनाही शोधून माफी मागितली. जेवणाचा डबा उघडला, झाकला. दुपारी देवू स्क्रबरकडून मुद्दाम फेरा घेऊन आला.

“साहेब तारा बगायला येतो म्हंतात.”

“देवू, आज तो नाही.”

“ठावं हाय.”

“तुला कसं ठाऊक?”

“मी बी वर बगतो ना, बाबू. महिना झाला. कदी असतो, बऱ्याचदा नसतो.” देवूने इकडेतिकडे पाहिलं. “पर तुमी लिवला म्हंजे आमी आला धरतो.”

“साहेब तसं धरणार नाहीत.”

“किती वाजता हाय?”

“सात एकवीस.”

“येतो आमी,” देवू म्हणाला.

सव्वासातला सावेसाहेब जिना चढून वर आले, तेव्हा गच्ची भरलेली होती. इमारतीतली सगळी बिऱ्हाडं होती. देवू होता, त्याची बायको नवसी होती आणि पाड्यावरची वीसेक माणसं, लेकरं कडेवर घेऊन, कठड्याला टेकून उभी होती.

“ही कोण माणसं?”

“तारा बगायला आलो, साहेब,” देवू म्हणाला. “तुमी येनार कळला म्हनून.”

आकाश स्वच्छ होतं. घुले फेऱ्या मारत नव्हते. जागाच नव्हती. साहेबांनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं. घुल्यांनी पाहिलं नाही.

सात एकवीस झाले.

“कुठे?” साहेब म्हणाले.

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

“घुले, कुठे?”

“तो काय,” नवसी म्हणाली. तिने हनुवटीने दाखवलं. “चिमनीच्या डाव्या अंगाला.”

“हां हां, चालला!”

“कुठं गं?”

“अगो, तो काय! डोले हायत का बटनं?”

“अरे हां, निकला निकला!” दुसऱ्या मजल्यावरचा यादव ओरडला आणि त्याने आपल्या पोराला खांद्यावर घेतलं. “देख बेटा, रशिया का है.”

“आज जरा फिका आहे,” मंदा म्हणाली. ती कधी नव्हे ती जिना सोडून वर आली होती.

“फिका कसला, चांगला बशीएवडा हाय.”

“बशीएवढा नसतो हो,” मंदा हळूच म्हणाली.

सावेसाहेब चाळीस माणसांच्या माना जिकडे वळल्या होत्या तिकडे पाहत होते. तिथे आकाश होतं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग ते घुल्यांकडे वळले.

“हे लोक काहीही म्हणतील. घुले, तुम्ही एकोणीस वर्षं वेळ लिहिताय. तुम्ही सांगा. दिसतोय?”

सगळे घुल्यांकडे वळले. पोरंसुद्धा. घुल्यांनी एकदा खाली पाहिलं, भिंतीपलीकडे. पाड्यावर तीन-चार ठिकाणी उघड्यावर चुली पेटलेल्या होत्या.

त्यांनी उजवा हात वर केला आणि तर्जनी चिमणीच्या डावीकडे, क्षितिजाच्या थोडी वर धरली.

“निघून चाळीस सेकंद झाले, साहेब,” ते म्हणाले. आकडा स्पष्ट होता. “आता इथे आहे.”

बोट सरकू लागलं. ना भराभर, ना रेंगाळत. पाच वर्षांत शंभराच्या वर वेळा पाहिलेल्या वेगाने. वर चढताना किंचित हळू, मग जरा झपझप. एका ताऱ्याच्या उजव्या बाजूने ते गेलं, दुसऱ्याच्या खालून. गच्चीवरच्या सगळ्या माना त्या बोटाबरोबर वळत होत्या. सावेसाहेबांचीही वळू लागली. मध्यावर बोट जवळजवळ डोक्यावर आलं, तेव्हा घुल्यांचा दंड भरून आला. त्यांनी डाव्या हाताने कोपराला आधार दिला. वेग बदलू दिला नाही.

खालून वास आला. सावेसाहेबांनी नाक वर केलं.

“सुके बोंबील,” ते म्हणाले.

“भाजतायत पाड्यावर,” देवू म्हणाला. “वारा इकडचा हाय ना.”

साहेब थोडा वेळ बोटाकडे पाहत होते आणि थोडा वेळ खाली चुलींकडे. त्यांना या गच्चीवर रंगांच्या कारखान्याशिवाय दुसरा कसला वास येईल असं बहुधा वाटलं नव्हतं.

“बरं,” अखेर ते म्हणाले. “पाहिला. शेठना तसं सांगतो.” मग जिन्याकडे जाताना, मागे न बघता, “फेब्रुवारीच्या तक्त्यात शुक्रवारही घाला.”

ते उतरून गेले. स्कूटर दोनदा अडखळून सुरू झाली. कोणी हसलं नाही, टाळ्या वाजल्या नाहीत. पाड्यावरची माणसं लेकरं सावरत जिन्याने उतरू लागली. नवसी कोणाला तरी म्हणाली की बोंबील करपले असतील, चला पटापट. यादव पोराला खाली ठेवत होता. मंदाने घुल्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“गेले ते. हात खाली करा आता.”

पण घुल्यांनी हात खाली केला नाही. बोट आग्नेयेकडे उतरत होतं. सात सत्तावीसला ते पृथ्वीच्या सावलीत शिरायचं होतं, आणि आत्ता कुठे सात पंचवीस झाले होते.